शांती राखणीला बसते

प्रिय बाळा, सलाम.

तुझा मेसेज सकाळी बघितला, वेळ बघितली तर 2:40. म्हणजे परत झोपली नाहीस. कंपनीत तुझ्या टीममधल्या दोघांना काढलं, पपांच्या नावावरच्या लोनचा हप्ता तुझ्या पगारातून जातो, आणि या सगळ्यावर तू शेवटी जी ओळ लिहिलीस ना, "मावशी, रोज प्रार्थना करते तरी धडधड जात नाही, माझा विश्वासच कमी पडतोय का", ती वाचून मी चहा तसाच ठेवला आणि लिहायला बसले.

आधी हे डोक्यातून काढ की विश्वास असला की टेन्शन येत नाही. हे कोणी शिकवलं तुम्हा पोरांना? धरला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः शिष्यांना म्हणाला की माझा जीव मरणप्राय खिन्न झालाय, माझ्याबरोबर जागे राहा. त्याला सोबत हवी होती. आणि ते तिघं झोपले, तो भाग वेगळा.

तू पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय पाठ केलायस, संडे स्कूलमध्ये मीच करून घेतला होता. कशाचीही चिंता करू नका, प्रार्थना करा, मग देवाची शांती तुमची अंतःकरणं आणि विचार राखील. आपण "चिंता करू नका" वर अडकतो आणि स्वतःलाच दोष देत बसतो, पण पुढचा शब्द बघ, राखील. प्रेषित पौल हे बंदीवासात असताना लिहितोय, आणि हे पत्र ज्यांना लिहिलं त्यांचं शहर फिलिप्पै म्हणजे निवृत्त रोमन सैनिकांची वसाहत, तिथल्या लोकांना पहारा काय असतो ते सांगायची गरज नव्हती. मूळ ग्रीक शब्दही पहाऱ्याचाच आहे म्हणे. मला मात्र आमचं रान आठवतं. ज्वारी हुरड्यात आली की माझे बाबा माळ्यावर चढून गोफण घेऊन बसायचे, दिवसभर हाकारे, आणि पाखरं काय येणं बंद करायची नाहीत, थव्याने यायची, दोन-चार कणसं खायचीसुद्धा. राखण होती म्हणून पीक घरी यायचं एवढंच. आणि पाखरं नसतीच तर माळ्यावर बसायचं कशाला? तसंच आहे बघ, तुझी धडधड म्हणजे पाखरं आलीत. माळ्यावर कोणी नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

मला हे पुस्तकातून नाही कळलं. तुझ्या काकांना ब्रेन हॅमरेज झालं तेव्हा मी सात रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर होते. तीस वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केलेली बाई मी, दुसऱ्यांच्या नातेवाइकांना धीर देणारी, आणि माझ्या तोंडातून प्रार्थनाच निघेना. तेविसावं स्तोत्र सुरू करायचे, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", आणि पुढचं आठवायचंच नाही, झोपेत म्हणणाऱ्या पोरीसारखं. चर्चच्या मंडळीतली माणसं यायची, चांगलीच माणसं, पण बाकावर बसून सांगायची की विश्वास धरा, सगळं नीट होईल. मला खरंच राग यायचा. तिसऱ्या की चौथ्या रात्री तिथली झाडलोट करणारी एक मावशी आली, काही न बोलता डबा उघडला, अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी माझ्या हातावर ठेवली, खा म्हणाली, आणि खाऊन होईपर्यंत हलली नाही. त्या रात्री मी बाकावर तीन तास गाढ झोपले.

नंतर घरी बायबलमधला 1 राजे 19 वाचताना मला हसूच आलं. एलीया संदेष्टा, ज्याने कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी पडलेला बघितला, तोच माणूस ईजबेल राणीच्या एका निरोपाने घाबरून रानात पळतो, झुडपाखाली पडतो आणि म्हणतो, पुरे आता, माझा जीव घे. देवाने त्याला एक शब्द उपदेश केला नाही. दूताने उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं, खा. खाल्लं, परत झोपला. परत उठवलं, परत खा. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि मग तो हळू आवाज, हे सगळं पुढचं. शिवाय तिथे देवाने त्याला काम दिलं आणि सोबतीला अलीशा दिला, हे आपण प्रवचनात घाईत उरकतो.

म्हणून तुला सांगते, रात्री दोनला लॅपटॉप मांडीवर घेऊन, मॅगी खाऊन, नोकरीच्या साइट बघत बघत जी प्रार्थना करतेस ना, ती बंद कर. देव रागावणार नाही. जेव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव, झोप. मोठी प्रार्थना जमत नसेल तर आंधळ्या बार्तीमयाची म्हण, "येशू, माझ्यावर दया कर", श्वास घेताना अर्धी, सोडताना अर्धी. तेही नको वाटलं तर आपलं गीतांचं पुस्तक, उपासना संगीत, काढ आणि ना. वा. टिळकांचं एखादं गीत नुसतं गुणगुण. टिळकांनी अभंगाच्या चालीवर गीतं लिहून आपल्यावर उपकारच केलेत, शब्द विसरले तरी चाल चालू राहते.

आणि देवावर चिडलीस तर चीड. स्तोत्र 13 काढून बघ, दावीद सरळ विचारतो की मला विसरलास का. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी हालेलूया वगैरे काही नाही. तेही पवित्र शास्त्रातच ठेवलंय ना, कोणी फाडून नाही टाकलं.

एक गोष्ट सिस्टर म्हणून सांगते, मावशी म्हणून नाही. धडधड, झोप नाही, जेवण जात नाही, हे दोन आठवड्यांच्या वर चाललंय ना? मग डॉक्टरला दाखव. बीपीची गोळी घेताना आपण विश्वास कमी आहे का विचारत नाही, मग इथेच का? रात्री एकटीला फारच भीती वाटली तर सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. किंवा मला उठव, तसंही म्हातारपणी झोप कुठे लागते.

नोकरी टिकेल असं मी लिहिणार नाही, मला माहीत नाही. काका वाचले पण उजवा हात गेला, सहा वर्षं मी शर्टाची बटणं लावून दिली, आणि त्यातल्या कितीतरी सकाळी मी चिडलेलीच होते. तरी रात्री दिवा मालवताना दोघं मिळून स्तोत्र म्हणायचो. मी अडकले की ते पुढची ओळ सांगायचे, त्यांचं बोलणं अडखळत होतं पण स्तोत्र कसं काय सरळ यायचं कोण जाणे.

पपांना लोनचं टेन्शन सांगितलंयस का? नाही सांगितलंस, मला माहितीये. या आठवड्यात सांग.

शनिवारी पुण्याहून दुपारची एसटी पकड, संध्याकाळी नगरला पोचशील. मी भाकरी आणि पिठलं करते. रविवारी उपासनेला जाऊ, मागच्या बाकावर बसू, तुला गावंसं वाटलं नाही तर गाऊ नकोस, माझा आवाज दोघींना पुरेल. आणि हो, येताना माझा तो स्टीलचा डबा आण, नाताळपासून तुझ्याकडेच आहे.

तुझी,
मावशी