मित्राला मागे बसवून इंदूर ते पुणे बाईकवर जायचं आहे. तयारी काय करावी?

तुम्ही टायर कुठले, ऑइल कुठलं, टँक बॅग घ्यावी का, सगळं विचारलंत. मित्राबद्दल एकच वाक्य लिहिलंत, "तो फक्त मागे बसेल." त्या 'फक्त'साठी हे उत्तर लिहिते आहे, कारण याच रस्त्यावर मी मागे बसून गेले आहे.

गाडीचं आधी उरकते. सर्व्हिसिंग तुम्ही करालच. मागच्या चाकात डबल सीटची हवा भरा. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकर असतं, त्यावर एकट्याचा आणि दोघांचा असे वेगळे आकडे असतात. हवा टायर गार असताना, घराजवळच भरून घ्या. मागचे शॉकअप एक-दोन खाचा कडक करा. चेन फार ताठ ठेवू नका, दोघं बसलात की ती आणखी ताणली जाते. हेडलाइट मात्र मित्राला सीटवर बसवूनच सेट करा. मागे वजन आलं की गाडीचं तोंड उचलतं आणि उजेड समोरच्या ट्रकवाल्याच्या डोळ्यांत जातो.

आता रस्ता. इंदूरहून धुळ्याकडे जाताना दोन मोठे उतार लागतात. मानपूर सोडलं की माळव्याच्या पठारावरून खाली नर्मदेच्या खोऱ्यात. मग खलघाटचा पूल, जुलवानिया, सेंधवा, आणि बिजासन घाटातून सातपुडा उतरून खानदेशात. ट्रकचे ब्रेक निकामी होऊन अपघात होतात ते याच उतारांवर.

माझी मैत्रीण चालवत होती. हात तिचा चांगला, त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. बिजासनी मातेच्या देवळाशी थांबून नमस्कार केला, चहा घेतला, आणि उतार सुरू होताच तिने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडली. म्हणे पेट्रोल वाचतं. इंजिनचा आवाज थांबला की मागे बसणाऱ्याला बाकीचं सगळं ऐकू येतं: टायरचा, वाऱ्याचा, मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज. दर वळणाला ती ब्रेक दाबायची, मी पुढे सरकायचे आणि माझं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर टक्क करून आपटायचं. थोड्या वेळाने मागच्या चाकाकडून जळका वास यायला लागला. तो तिला येत नव्हता, मला येत होता. मी खांद्यावर थाप मारून थांब म्हटलं. ती म्हणाली, "खाली उतरू, मग थांबू." मी दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा कुठे तिने गाडी कडेला घेतली. मागच्या ब्रेकच्या ड्रमवर बाटलीतल्या पाण्याचे चार थेंब टाकले तर चर्र झालं. ब्रेकचं पेडल दाबलं तर पूर्वीपेक्षा कितीतरी खोल जात होतं.

तिचं म्हणणं आजही तेच: चालवणाऱ्याने ठरवायचं, मागच्याने विश्वास ठेवायचा. इंदूरच्या सराफ्यात भेटलो की अजून यावरून जुंपते. माझं म्हणणं असं की विश्वास होता म्हणूनच मागे बसले, पण 'थांब' म्हणायचा हक्क मागच्याचाही आहे आणि त्यावर घाटात चर्चा होत नसते. राहिला पेट्रोलचा मुद्दा. बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत थ्रॉटल सोडून गिअरमध्ये उतरलं की पेट्रोल जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र दोन माणसं आणि सामान यांचं सगळं ओझं ब्रेकवर पडतं. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा.

म्हणून निघण्याआधी मित्राशी खुणा ठरवा. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे ताबडतोब थांब. त्याने वळणावर तुमच्याबरोबर झुकायचं, उलट्या बाजूला ताठ बसायचं नाही. ब्रेक लागताना मांड्या आवळायच्या आणि मागची रेलिंग धरायची, तुमचा गळा नाही. गाडी उभी असली तरी तुम्ही मान डोलावल्याशिवाय चढ-उतार करायची नाही. कधी थांबायचं हे त्याच्या पाठीवरून ठरवा, कारण मागची सीट आधी दुखते.

हेल्मेट त्यालाही आयएसआयचंच. कायद्याने ते मागच्यालाही सक्तीचं आहे. नसेल तर हजार रुपये दंड आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. गाडीच्या विम्याची पॉलिसी बाहेर काढून वाचा. नुसती थर्ड पार्टी, म्हणजे फक्त दुसऱ्यांच्या नुकसानीची, असेल तर मागे बसलेल्या मित्राची भरपाई त्यात येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच हे सांगितलं आहे. पॅकेज, म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह, पॉलिसीत येते. पंधरा लाखांचा अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा. मागच्यासाठी वेगळा हप्ता भरावा लागतो, आणि तो भराच.

हे सगळं उन्हाळ्या-हिवाळ्याचं झालं. पावसाळ्यात दोघांनी बाईकवर घाट उतरावा या मताची मी नाही. आणि एकदम पुण्याला निघू नका. आधी एखाद्या रविवारी त्याला मागे बसवून मांडूला जाऊन या, सामानासकट. परत आल्यावर त्याने बसने जाईन म्हटलं तर आग्रह करू नका. पुण्यात भेटा.