गाडीपेक्षा पॉलिसीची तपासणी आधी करा

मुलुंडच्या एका वाचकांनी विचारले आहे की, नऊ वर्षांच्या डिझेल गाडीवर ८५ हजार रुपये घालावेत, की आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून डाउन पेमेंट भरावे आणि १२ लाखांच्या कार लोनवर नवी गाडी घ्यावी. गाडी मुंबईत बिनतक्रार चालते, मात्र जानेवारीत निफाडला गावी नेली की पहाटे चालू होत नाही आणि गॅरेजवाल्याने थेट इंजेक्टर व पंप बदलायला सांगितले आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते आणि थंडीत गार धातू ती उष्णता शोषून घेतो, म्हणून प्रत्येक सिलिंडरला ग्लो प्लग, म्हणजे आतली हवा तापवणारी विजेची कांडी, दिलेली असते. चावी अर्धी फिरवून डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझू द्यावा, मगच सेल्फ मारावा. इंजिन रेंगाळत फिरले तर बॅटरी तपासावी. जोमात फिरूनही नुसता पांढरा धूर येत असेल तर ग्लो प्लग किंवा त्यांना वीज देणारा रिले (स्विच) पाहावा. चांगली बॅटरी स्थिर असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जात नाही. ग्लो प्लग इंजिन कोमट असतानाच सोडवायला सांगावे, कारण जोर लावून तुटलेला प्लग इंजिनच्या वरच्या भागात (हेडमध्ये) अडकला की खर्च कैकपटींनी वाढतो. प्लग आणि बॅटरी दोन्ही बदलूनही साधारण १५-२० हजारांत भागावे. ही तपासणी न करता ८५ हजार देऊ नयेत. नव्या गाडीचे १२ लाख ९ टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचे तर महिना १९ हजारांवर हप्ता पडेल, म्हणजे एकूण १६ लाख.

मला खरी काळजी वाटते ती पत्रातल्या एका ओळीची: 'पॉलिसीचे शेवटी ४७ लाख येणारच आहेत.' आपले वय ४१, घरात मिळवते आपण एकटेच, गृहकर्ज ४२ लाख शिल्लक आणि विमा फक्त १६ लाखांचा आहे. उद्या आपले काही बरेवाईट झाले तर या रकमेत कर्जाचा निम्मा भागही फिटणार नाही. वर्षाला ९६ हजार भरून कुटुंबाला एवढेच संरक्षण मिळत असेल, तर ती पॉलिसी आपल्या गरजेसाठी विकलेलीच नाही. एजंटने दाखवलेले ४७ लाख वीस वर्षे सलग ८ टक्के मिळाले तरच जमतात. पॉलिसी विकताना दाखवल्या जाणाऱ्या लाभांच्या तक्त्यातला तो रकाना गृहीतकाचा असतो, हमीचा नसतो, आणि त्याच्या शेजारी ४ टक्क्यांचाही रकाना असतो, जो आपल्याला बहुधा दाखवलाच गेला नाही. अशा पॉलिसीतून प्रत्यक्षात ५-६ टक्के सुटतात, म्हणजे सुमारे ३५ लाख. त्यावर कर्ज काढणे म्हणजे आपल्याच पैशांवर व्याज भरणे होय.

निर्व्यसनी माणसाला साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, बचत नसलेला विमा) या वयात वर्षाला अंदाजे १५-२० हजारांत मिळतो, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, काहीही दडवू नये. दावा अडतो तो बहुतेक वेळा इथेच. वीसपैकी सहा हप्ते भरलेले असल्याने जुनी पॉलिसी पेड-अप करता येईल, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी विमा रकमेवर चालू ठेवता येईल. मूळ विमा रक्कम १६ लाखांवरून ४.८ लाखांवर येईल, पण वर्षाला उरणारे सुमारे ७५ हजार थेट गृहकर्जाच्या मुद्दलात भरता येतील. मात्र वैद्यकीय तपासणी होऊन टर्म पॉलिसीचा कागद हातात पडेपर्यंत जुन्या पॉलिसीचा एकही हप्ता चुकवू नये.