12 वर्षांच्या मुलाला ऑस्टिओपोरोसिस? रिपोर्टमध्ये टी-स्कोअर उणे 2.6 आलाय

मुलांना ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, होतो, पण क्वचित. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तुमच्या मुलाला तो आहे असं म्हणता येणार नाही. मी डॉक्टर नाही. मुलीच्या आजारपणात हे रिपोर्ट वाचायला शिकले, एवढंच.

आधी हाडांच्या घनतेच्या रिपोर्टमधला तो टी-स्कोअर बाजूला ठेवा. तो हाडांची तुलना पूर्ण वाढ झालेल्या तरुण माणसाशी करतो. बारा वर्षांच्या पोराचं हाड अजून भरतंय, ते कमीच दिसणार! मुलांचा झेड-स्कोअर बघतात, म्हणजे त्याच वयाच्या मुलग्यांशी तुलना. मूल ठेंगणं असेल तर डेक्सा (हाडांची घनता मोजणारं) मशीन घनता आहे त्याहून कमी दाखवतं, तेव्हा उंचीही हिशेबात धरावी लागते. आणि झेड उणे 2 किंवा त्याखाली आला तरी निव्वळ आकड्यावर निदान होत नाही. जोडीला 10 वर्षांच्या आत हातापायाची लांब हाडं दोनदा, किंवा 19 च्या आत तीनदा मोडलेली असावी लागतात.

तुमच्या मुलाचं मनगट एकदा नवव्या वर्षी आणि एकदा आता मोडलं, दोन्ही वेळा सायकलवरून पडून. म्हणजे दहाच्या आत एकदाच आणि एकूण दोनदाच, ती अट इथे भरत नाही. या वयात उंची झपाट्याने वाढते आणि हाडात खनिज भरणं मागे राहतं, म्हणून याच काळात मनगटं जास्त मोडतात.

माझ्या मुलीचं उलट झालं. हात-पाय कधीच मोडला नाही. किडनीच्या आजारासाठी वर्षभर स्टिरॉइड चालू होतं, पाठ दुखते म्हणायची, आणि आम्ही दप्तराला दोष देत बसलो. शेवटी कण्याचा बाजूने एक्स-रे काढला तर दोन मणके दबलेले. मोठा मार न लागता, दुसरा काही स्थानिक आजार नसताना मणका असा दबला, तर निदानाला स्कोअरचीही गरज नसते. वाढत्या वयात दबलेला मणका पुन्हा भरून येऊ शकतो. तिचा एक बराच भरला.

तेव्हा पाठदुखी, दीर्घकाळ स्टिरॉइड, जुनाट पोटाचे विकार, घरात सहज हाडं मोडणारं कुणी, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर निळसर झाक, यातलं काही असेल तर मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना गाठा. नसेल तर ड जीवनसत्त्व तपासा आणि त्याच स्कॅनवरून झेड-स्कोअर काढून मागा. बऱ्याचदा पुन्हा स्कॅन करावा लागत नाही.

सायकल बंद करू का, विचारलंत. प्लास्टर निघून डॉक्टरांनी हो म्हटलं की चालवू दे. उड्या मारणं, धावणंही थांबवू नका, हाड त्यानेच भरतं.