नवी मुंबईच्या आसपास किनाऱ्यावरून डाइव्ह करून बुडालेलं जहाज पाहता येईल का, आणि त्याच फेरीत खेकडेही पकडता येतील का?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीला राहता, ओपन वॉटरचा, म्हणजे डाइव्हिंगचा पहिला, कोर्स नुकताच झालाय, आणि अमेरिकेतले व्हिडिओ पाहिलेत. लोक गाडी किनाऱ्याला लावतात, हवेची टाकी पाठीवर घेऊन चालत पाण्यात उतरतात, बुडालेलं जहाज बघतात आणि येताना पिशवीभर खेकडे घेऊन येतात. तसा एक शनिवार-रविवार इथे जमवायचा आहे.

दोन्ही गोष्टी होतील, पण एका डाइव्हमध्ये नाही आणि एका ठिकाणीही नाही. जहाज गोव्याला, चिंबोऱ्या म्हणजे चिखलातले खेकडे इथे खाडीत. दोन वेगळे शनिवार-रविवार ठेवा. ठाण्याच्या खाडीत मात्र टाकी घेऊन उतरायचा विचार पूर्ण सोडून द्या, हे मी सगळ्यात आधी सांगतो.

मी ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यात वाढलो, वडिलांची होडी होती. पुढे डाइव्हिंग शिकलो. आठ वर्षांपूर्वी एका मित्राच्या होडीचा नांगर खाडीत अडकला, म्हणून कमरेला दोर बांधून खाली गेलो. हातभर खाली गेल्यावर उजेड संपला. डोळ्यांसमोर धरलेला हात दिसेना. खोली दाखवणाऱ्या गेजची काच मास्कला टेकवली तेव्हा कुठे काटा दिसला. तळ असा नाहीच, पाय गाळात जातच राहतात. नांगरापर्यंत पोचायच्या आत कुणाच्या तरी जुन्या जाळ्याचा फास पोटरीला बसला. सुरी काढून, नुसतं चाचपडत तो कापला. दोर ओढून वर घेणारा मित्र होता म्हणून निभावलं. त्यानंतर मी खाडीत कधी उतरलो नाही.

यात नशिबाचा भाग नाही, हे पाणीच तसं आहे. मुंबईच्या उधाणाच्या भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो, आणि एवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं. खाडीचा तळ मऊ चिखलाचा, तो गाळ बसायला वेळच मिळत नाही. शिवाय ठाणे-बेलापूर पट्ट्यातले नाले याच पाण्यात येतात. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंत तळ वाळूचा किंवा खडकाचा आहे, म्हणून तिथे डाइव्हर हाताने खेकडा उचलू शकतो. तिकडे त्यालाही नियम असतात. वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंडमध्ये डन्जनेस खेकडा नर हवा आणि पाठ सव्वासहा इंच हवी. लोक पाण्याखाली पट्टी घेऊन जातात.

आता जहाजं. मुंबईजवळ बुडालेली जहाजं आहेत. ४ ऑगस्ट २०११ ला कोळसा घेऊन दहेजला निघालेलं 'रॅक कॅरियर' मुंबईसमोर बुडालं, पण ते किनाऱ्यापासून फार लांब, मोठ्या जहाजांच्या वाटेवर. आणि 'रामदास'. १७ जुलै १९४७ ला सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. माझी आजी रेवसकडची. पावसाळ्यात लाँचमध्ये बसताना ती पाण्याला हात जोडायची, आणि का ते आम्हाला सांगावं लागायचं नाही. ती जागा डाइव्हिंगसाठी शोधू नका. पाणी तिथलंही गढूळच आहे, पण तो मुद्दा नंतरचा. आमच्याकडे ती अजून घरातली गोष्ट आहे.

तुमच्या पहिल्या जहाजासाठी गोव्याचं ग्रँड आयलंड बरं. तिथे 'सूझीज रेक' नावाची जागा आहे, खोली ओपन वॉटरच्या १८ मीटरच्या मर्यादेत बसते. किनाऱ्यावरून चालत जाता येत नाही, बोटीने जावं लागतं. हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यातही मी नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरेन. जहाजाच्या आत शिरू नका, बाहेरून फिरा. गंजलेला पत्रा ब्लेडसारखा लागतो आणि आत पायातला पंख मारला की गाळ उठून बाहेरची वाट दिसेनाशी होते. आत जाण्याचं प्रशिक्षण वेगळं असतं. कोर्स होऊन सहा महिने उलटले असतील तर आधी एक उजळणी डाइव्ह करा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, तिकडेही चौकशी करता येईल. आपल्या सिंधुदुर्गातही निवती रॉकजवळ नौदलाचं निवृत्त जहाज 'गुलदार' पाण्याखाली बसवायची सरकारची योजना आहे. ते डाइव्हिंगला खुलं झालं की आपल्याला गोव्यालाही जावं लागणार नाही, मी त्याची वाट पाहतोय.

प्रवासाचं मात्र नीट ऐका, कारण आपल्याकडचे लोक नेमके इथे चुकतात. शुक्रवारी रात्री ठाण्याला किंवा पनवेलला कोकणकन्या पकडा, शनिवारी मडगाव, रविवारी सकाळी डाइव्ह, संध्याकाळच्या गाडीने परत. विमानाने येऊ नका. एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जावे लागतात. रक्तात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. हे विमानाबद्दल सगळ्यांना माहीत असतं, घाटाबद्दल कुणी बोलत नाही. गोव्याहून गाडीने आंबोलीमार्गे कोल्हापूर-पुणे रस्त्याने येणारे पुष्कळ. आंबोली जवळजवळ सातशे मीटर उंच आहे, आणि पुढे लोणावळ्यापर्यंत तुम्ही उंचावरच असता. दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढणं म्हणजे शरीराशी जुगार. गाडीनेच यायचं तर रविवारची रात्र खालीच काढा. रेल्वे कोकणातून खालून येते, म्हणून मी तिचाच आग्रह धरतो.

आता चिंबोऱ्या. इथे तुम्ही विचारलंय त्यापेक्षा जास्त लिहिणार आहे, कारण हे मला वडिलांनी शिकवलंय.

पहिलं, जागा. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला पट्टा फ्लेमिंगो अभयारण्याचा आहे, २०१५ पासून. तिथे शिरू नका. तिवरं तोडून वाट करू नका, कांदळवनाला उच्च न्यायालयाचं संरक्षण आहे. नाल्याच्या तोंडाशी पकडू नका. चिंबोरीला रॉकेलसारखा वास आला तर वडील ती लगेच परत टाकायचे, कितीही मोठी असो. आणि एकटे जाऊ नका. दिवाळे किंवा सारसोळेच्या कोळीवाड्यात सकाळी जाऊन एखाद्या काकांना विचारा, होडीचे आणि वेळेचे पैसे आधी ठरवून द्या. खाडी त्यांच्या रोजीची आहे, ते सांगतील तिथेच फग लावा.

फग म्हणजे लोखंडी कडीला ताणून बसवलेलं जाळं. मधोमध आमिष बांधायचं, माशाचं डोकं किंवा कोंबडीचे पाय. वर दोर आणि बोया. पाणी चढायला लागलं की चिंबोरी बिळातून खायला बाहेर पडते. फग टाकल्यावर थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि मग एका दमात ओढायचा. मध्ये थांबलात की ती कडेवरून उतरून जाते.

वेळ तिथीवरून काढतात. तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. पंचमीला पावणेचार, म्हणजे सुकती (पूर्ण ओहोटी) सकाळी दहाच्या सुमाराला. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. भरतीच्या तक्त्यात अपोलो बंदरची वेळ असते, खाडीत आत पाणी त्याहून उशिरा पोचतं. नवख्या माणसाला पंचमी-षष्ठीचा शनिवार चांगला: दहाला होडीत बसायचं, चढत्या पाण्यावर दोन-अडीचपर्यंत फग ओढायचे आणि उजेडात घरी. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाण्याचा जोर फार, पहिल्याच खेपेला नको. भरलेल्या चिंबोऱ्या काळोखातल्या, असं आमच्याकडे म्हणतात, म्हणून वद्य पक्षातली पंचमी मिळाली तर उत्तम.

पकडलेली चिंबोरी उलटी करून पोट बघा. पोटावरची झापडी अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोल असेल तर मादी. झापडीखाली अंड्यांचा गोळा लटकत असेल तर ती तिथल्या तिथे पाण्यात सोडा. तळहाताएवढी नसेल तीही सोडा. फगात जिवंत सापडते, त्यामुळे सोडलेली जगते.

बांधायला काकांकडून शिका, पण बघून ठेवा. चिंबोरीला मागच्या बाजूने पकडायचं, अंगठा पोटाखाली आणि बाकी बोटं पाठीवर, नांगी तिथवर पोचत नाही. सुतळी एका नांगीला घालून ती तोंडाशी दुमडायची, मग दुसरी, आणि गाठ पाठीमागे. माझ्या उजव्या अंगठ्यावर अजून वण आहे, तेराव्या वर्षी घाई केली त्याचा. नांगीत बोट सापडलं तर ओढू नका, हात पाण्यात बुडवा, ती स्वतःहून सोडते. जखम झाली तर साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पायात जुने, घट्ट बांधलेले कॅनव्हासचे बूट हवेत, कालवांच्या कडा चपलेतून पाय कापतात.

घरी आणल्यावर छोटे पाय फेकू नका. ते मिक्सरला थोडं पाणी घालून फिरवा, गाळून घ्या, ते पाणी रश्शात जातं. अर्धी चव त्यातच असते. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आगरी मसाला, दोन आमसुलं. रश्शाला खळखळून उकळी आली की मगच चिंबोऱ्या सोडा, झाकण ठेवा आणि पंधरा मिनिटं उघडू नका.