डोंगर अर्ध्यावर सोडणारा मुलगा

"मॅडम, हा पुढे आयुष्यातही असाच अर्ध्यावर बसणार का?"

हा प्रश्न एका वडिलांचा. मुलगा आठ वर्षांचा, त्याची ताई अकराची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडिलांना डोंगर चढायची जुनी आवड. मुलं जरा मोठी झाल्यावर सुट्टीच्या दिवशी सगळं कुटुंबच निघू लागलं. मुलगी भराभर पुढे जायची. मुलगा मात्र थोड्याच वेळात "अजून किती राहिलं?" सुरू करायचा आणि शेवटच्या चढणीआधी बसकण मारून रडायचा. समजावून झालं, रागावून झालं. शेवटी "माथ्यावर पोचलास तर रात्री तासभर मोबाइल" असं ठरलं. त्यानंतर तो घरातून निघतानाच मोबाइलचं विचारायला लागला.

"मुलांना निसर्गाची आवडच राहिली नाही," असं अनेक पालक माझ्याकडे येऊन सांगतात. मला तसं क्वचितच आढळतं. या मुलाला मी कागद आणि रंग देऊन तुमचा डोंगर काढायला सांगितला, तेव्हा त्यानं शिखर काढलंच नाही. कागदभर एक मोठा दगड होता आणि त्याच्या खालून पांढरं काहीतरी तोंडात धरून निघालेली मुंग्यांची रांग. वरच्या कोपऱ्यात पाठीला पिशवी लावलेला एक छोटासा पाठमोरा माणूस.

"हे कोण?"

"बाबा. ते वर जाऊन थांबतात. मी पोचलो की लगेच उठतात. मला बसायलाच मिळत नाही."

हे वडिलांना सांगू का, असं मी त्याला विचारलं. त्यानं मान डोलावली. वडिलांना मात्र ते पटेना. "मी दर वेळी थांबतो त्याच्यासाठी!" थांबत होते, यात शंका नाही. पण नीट बघा: पुढे चालणारा थांबून दम खातो, मागचा येऊन पोचतो आणि सगळे निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती मिळत नाही. वर "तुझ्यामुळे उशीर होतोय" हे न बोलताही त्याला कळत असतं. तासभर असं चालल्यावर आठ वर्षांचं मूल रडलं, तर त्यात मला जिद्दीची कमतरता दिसत नाही.

मग आम्ही वेळेचा हिशोब मांडला. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला एक अंदाज डोंगर चढणारे अजून वापरतात: ताशी सुमारे ५ किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. वडीलही तोच धरत होते. पण तो न थांबता चालणाऱ्या, धडधाकट मोठ्या माणसाचा हिशोब आहे. मुलं बरोबर असतील तर मी निदान दुप्पट वेळ धरायला सांगते. आणि घड्याळात पोचायची वेळ न ठरवता परत फिरायची वेळ ठरवावी. ती झाली की जिथे असू तिथून उतरायचं. मग मुंग्यांपाशी गेलेली वीस मिनिटं कुणाच्या खात्यातून वजा होत नाहीत.

बक्षीस मी बंद करायला सांगितलं. यावर १९७३ मधला लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना "काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ" असं आधी सांगितलं, तर नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांकडे कमी वळली. या मुलाच्या बाबतीत मोबाइल हाच डोंगराचा हेतू झाला होता आणि मुंग्या अडथळा.

आईची अडचण वेगळी होती. त्या प्रत्येक झाडापाशी "याचं नाव काय? पान कसं आहे?" असं विचारायच्या. मनापासूनच, पण मुलाला ती तोंडी परीक्षा वाटायची. मी त्यांना सुचवलं, तो थांबेल तिथे शेजारी बसा, तो बघतोय ते बघा आणि त्यानं विचारलं तरच बोला. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा, घरी येऊन दोघांनी मिळून शोधा. दगड उचलला तर हळूच पुन्हा तसाच ठेवायचा, एवढा एकच नियम, कारण त्याखाली कुणाचं तरी घर असतं.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी मऊ नाही. कड्याची कड, वाहतं पाणी, विजांचं हवामान, इथे मुलाचं मत विचारायचं नाही. दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. लहान शरीर लवकर गार पडतं, त्यामुळे आपण चढून घामाघूम असलो तरी बसलेल्या मुलाला स्वेटर लागू शकतो. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिटी हवी आणि "चुकलास तर तिथेच थांब, शिटी वाजव" हे घरीच घोकून घ्यावं. आणि मूल सपाट रस्त्यावरही सोबत्यांपेक्षा लवकर दमत असेल, धाप लागत असेल, पाय वारंवार दुखत असतील, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावं. माझ्याकडे नंतर.

पुढच्या सुट्टीत मुलगा सगळ्यांत पुढे चालला, बाबा सगळ्यांत मागे. माथा बराच लांब राहिला. वडिलांनी संध्याकाळी फोन केला, आवाजात थोडी निराशा होती. "तो रडला नाही, पण आम्ही पोचलोही नाही." त्यांची निराशा मला खोटी वाटली नाही. स्वतःच्या आवडीचं मूल्य पालकांनी शून्य धरावं, असं मी कधीच सांगणार नाही. शिखरासाठी ते आता अधूनमधून मित्रांबरोबर पहाटे निघतात, आणि मुलांबरोबरच्या दिवशी शिखराचं नाव काढत नाहीत.

उरली ताई. नवी चाल तिला रटाळ वाटायला लागली आणि तिनं ते स्पष्ट सांगितलं. तिचंही बरोबर होतं. आता मोकळी, सुरक्षित वाट आली की ती आणि आई पुढच्या ठरलेल्या वळणापर्यंत आपल्या वेगानं जातात. तिथे मुलगा पोचला की त्याच्या विश्रांतीची दहा मिनिटं तेव्हा सुरू होतात, आणि घड्याळ ताईच्या हातात असतं.