शिबुतानी बहीण-भाऊ परत बर्फावर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दोन ओळींची बातमी काय टाकली, की अमेरिकेचे आईस डान्सर (म्हणजे बर्फावर जोडीने नाचणारे) माया आणि अलेक्स शिबुतानी 2025-26 च्या सीझनला परत कॉम्पिटिशनमध्ये उतरतायत, तर एवढी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूलाच राहिले. त्यातली तीन घेते.

ताई, हे दोघं 2018 नंतर थांबलेच होते ना? सात वर्षांनी मेडल वगैरे शक्य आहे का? — डोंबिवली

हो, प्याँगचांगच्या 2018 च्या विंटर ऑलिंपिकनंतर थांबले. तेव्हाचा शॉर्ट डान्स, म्हणजे पहिला छोटा नाच, आठवतोय का, यांना 77.73 आणि त्यांच्याच देशाच्या हबेल-डोनोह्यू जोडीला 77.75, म्हणजे दोन शतांशाने चौथे! मी तर टीव्ही बंद करून टाकला होता. दुसऱ्या दिवशी फ्री डान्समध्ये, म्हणजे मोठ्या नाचात, असे काही नाचले की एकूण 192.59 वर जाऊन ब्राँझ घेतलंच, आणि टीमचं ब्राँझ आधीच खिशात होतं.

आता खरं सांगू? मेडल अवघड आहे. अमेरिकेला मिलानोच्या 2026 च्या विंटर ऑलिंपिकसाठी आईस डान्सच्या तीनच जागा, त्यातली एक चॉक-बेट्स या अमेरिकन जोडीची धरूनच चाला, ते 2023 ते 2025 सलग तीनदा वर्ल्ड चॅम्पियन झाले, मग उरलेल्या दोनसाठी पोरंपोरी रांगेत उभी. त्यात मधल्या काळात नियमही बदलले. पूर्वी प्रत्येक एलिमेंटच्या (लिफ्ट, गिरकी अशा एकेका करामतीच्या) क्वालिटीला जास्तीत जास्त अधिक तीन मिळायचे, आता अधिक पाच, शॉर्ट डान्सचा रिदम डान्स झाला, आणि 2025-26 च्या सीझनला त्याची थीम नव्वदचं दशक. म्हणजे हे दोघं लहान होते तेव्हाची गाणी, मजा आहे!

पण मला विचाराल तर मेडलचं गणित इथे मांडूच नये. मायाच्या किडनीत ट्यूमर निघाला होता, डिसेंबर 2019 मध्ये ऑपरेशन झालं, कॅन्सर होता. त्यानंतर ही मुलगी परत बूट बांधून जजेससमोर उभी राहणार, मी तर नुसतं वॉर्मअप बघायला पण बसेन.

आमचे हे म्हणतात, आईस डान्स म्हणजे रोमँटिक, भाऊ-बहीण काय नाचणार. मी चिडते पण उत्तर सुचत नाही. — न्यू जर्सी

त्यांना सांगा, प्रेमकथा दाखवलीच पाहिजे असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही! मार्क मिळतात ते एजेसला (बुटाच्या पात्याच्या कडांवर किती छान तोलता त्याला), टायमिंगला, दोघं किती जवळून आणि किती स्पीडने जातायत त्याला. 1992 ला फ्रान्सच्या इझाबेल आणि पॉल डुशने या बहीण-भावाने ऑलिंपिक सिल्व्हर घेतलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी तर ते वर्ल्ड चॅम्पियन. त्यांच्यानंतर आईस डान्सचं ऑलिंपिक मेडल घेणारी बहीण-भावाची दुसरी जोडी म्हणजे हेच आपले शिबुतानी. आणि माया-अलेक्स 2004 पासून एकत्र, तेव्हा ती दहाची, तो तेराचा, त्यामुळे एकाचा गुडघा वाकला की दुसऱ्याचा आपोआप वाकतो, हे वर्षभर प्रॅक्टिस करून येत नाही हो. यजमानांना एकदा 2016 चा फ्री डान्स दाखवा, त्याच वर्षी ते पहिल्यांदा अमेरिकेचे चॅम्पियन झाले आणि बॉस्टनच्या वर्ल्ड्समध्ये सिल्व्हर पण मिळालं. बघताना बोलले तर चहा देऊ नका.

मी नववीत आहे. पेअर स्केटिंग आणि आईस डान्स सारखंच दिसतं मला. आणि ट्विझल म्हणजे काय? — सातारा

सोप्पं आहे गं. पेअरमध्ये तो तिला डोक्यावर उचलतो, लांब फेकतो, ती हवेत गिरक्या घेऊन उतरते. आईस डान्समध्ये फेकाफेकी नाही, डोक्याच्या वर हात नेऊन उचलणंही नाही, सगळा खेळ पायाचा.

ट्विझल म्हणजे एका पायावर गिरक्या, पण एका जागी नाही, गिरक्या घेत घेत पुढे सरकायचं. फुगडीत आपण जागच्या जागी फिरतो ना, आणि एकमेकींचे हात धरलेले असतात म्हणून पडत नाही. इथे हात सोडलेले, दोघं शेजारी-शेजारी, आणि एकाची गिरकी अर्धीच जरी मागे पडली तरी लगेच दिसतं. शिबुतानींचा व्हिडिओ लाव, ट्विझल आले की पॉज कर आणि दोघांचा वर उचललेला पाय बघ, कितीही वेळा पॉज केलंस तरी दोन्ही पाय एकाच उंचीवर सापडतील. घरी करून बघायचं असेल तर मोजे घालून गुळगुळीत फरशीवर, टीपॉय आधी बाजूला सरकव.