आधी वर्गणी, मग ध्वनिफीत

प्रश्न : मी मुलांसाठी मराठी कथांच्या ध्वनिफिती करते. एक भाग विकला की दुसऱ्या दिवशी तो व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे फिरतो. कॉपीराइटसाठी कोर्टात जाणे परवडत नाही. पैसे मिळण्याची दुसरी काही सोय आहे का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : आहे, आणि ती आपल्या गावांना नवी नाही. देवळाच्या उत्सवातले नाटक वर्गणीवर उभे राहते, मांडवात बसणाऱ्याकडे कोणी तिकीट मागत नाही. पैसे प्रयोगाआधीच जमलेले असतात, त्यामुळे फुकट पाहणाऱ्याने कोणाचे काही बुडत नाही. डिजिटल कामांसाठी हीच रीत जॉन केल्सी आणि ब्रूस श्नायर या संगणक-सुरक्षा तज्ज्ञांनी १९९८-९९ मध्ये मांडली : रक्कम जाहीर करायची, वर्गणी तिऱ्हाइताकडे जमवायची, ती पुरी झाली की काम सर्वांना खुले. २००२ साली ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे करण्याच्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला करण्यासाठी सात आठवड्यांत एक लाख युरो असेच जमले.

आकडा ठरवताना स्वतःचे श्रम धरायला विसरू नका; बहुतेकांची चूक इथेच होते. तयार एका तासामागे वाचन, चुका, संपादन मिळून सहा-सात तास सहज जातात. चार तासांच्या मालिकेला २६ तास. तासाला ५०० रुपये धरले तर १३,०००. स्टुडिओ आणि संगीताचे समजा १७,०००. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी सेवा) २ टक्के घेत असेल, तर त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरून शंभरामागे २ रुपये ३६ पैसे जातात. म्हणून ३०,००० नव्हे, ३१,००० मागा.

तेही एकदम नको. पाच भाग करा, प्रत्येकी ६,२०० रुपये : २०० रुपये देणारी ३१ माणसे झाली की तो भाग खुला. आधी एक भाग फुकट ऐकवा, कारण न ऐकलेल्या आवाजासाठी अनोळखी माणूस पैसे काढत नाही. मुदत ठेवा, साधारण महिनाभर. मुदत नसली तर ‘दुसरे देतील, मग आपण पाहू’ असे म्हणत सगळेच थांबतात. पैसे तुमच्या खात्यात नकोत. वाचनालय किंवा मंडळ सांभाळील आणि रक्कम पुरी न झाल्यास परत करील, हे लेखी घ्या.

कथा दुसऱ्याची असेल तर परवानगी आधी. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे आपले काम ठरावीक अटींवर सर्वांना वापरू देण्याची जाहीर परवानगी, मात्र विचार करून लावा, एकदा दिलेला मागे घेता येत नाही.

प्रश्न : परदेशात लेखक-कलावंतांना फुकट वापराचे असे पैसे सरकार मिळवून देते का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : काही ठिकाणी. डेन्मार्कमध्ये १९४६ पासून ग्रंथालयांतल्या पुस्तकांसाठी लेखकांना सरकारी निधीतून मोबदला मिळतो. घरगुती नकलांची भरपाई म्हणून जर्मनीने १९६५ साली ध्वनिमुद्रण यंत्रांवर शुल्क बसवले. आपल्याकडे या दोन्ही सोयी नाहीत. शिवाय असा निधी वाटायचा तर कोणाचे काम किती वापरले गेले हे मोजावे लागते, आणि ऑनलाइन ऐकण्याचे आकडे यंत्राने फुगवता येतात.